कोलाडला राफ्टिंग: दरवर्षी विचारले जाणारे तेच ते प्रश्न

आमच्या कॉलेजच्या टोळक्याची रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची सहल, म्हणजे कुंडलिका नदीत हवेच्या रबरी बोटीतून (राफ्टमधून) खळाळत्या पाण्यावरून जायची सहल, ठरवायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. माणसं थोडीफार बदलतात. कोणाचं लग्न होतं, कोणी बंगळुरूला जातं, कोणी नवीन मित्र घेऊन येतं. प्रश्न मात्र बदलत नाहीत. म्हणून एकदाची सगळी उत्तरं लिहून ठेवली आहेत. यापुढे मला रात्री साडेअकराला फोन करून ‘जीन्स चालेल का?’ असं विचारायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी इतक्या पहाटे कशाला? अकरापर्यंत पोचलो तर चालणार नाही का?

नाही चालणार. हा प्रश्न पहिला घेतला, कारण बाकी सगळं यावरच अवलंबून आहे.

कुंडलिकेच्या या पट्ट्यात राफ्टिंगपुरतं पाणी दिवसभर नसतं. वर वीज तयार करून झाली की जे पाणी उरतं ते सकाळी सोडतात. ते आलं की तासाभरापूर्वी गोट्यागोट्यांची दिसणारी नदी फुगून पांढरी होते. त्या पाण्यासोबत सगळ्या राफ्ट निघतात. पाणी बंद झालं की दुपारी त्याच जागी म्हशी बसलेल्या दिसतात. सकाळचे दोन-तीन तास एवढाच काय तो खेळ.

त्यामुळे राफ्टिंग चालवणारा ऑपरेटर आठला या म्हणाला तर आठला कपडे बदलून, नाश्ता उरकून, लाइफ जॅकेट चढवायला तयार असायचं. आठला वडखळहून ‘बस, पोचतोच आहोत’ असा फोन करायचा नाही. एका वर्षी आमची एक गाडी चहासाठी दोनदा थांबली. ते चौघे पोचले तेव्हा आम्ही ओले होऊन परतत होतो. दिवसभर त्यांनी झिपलाइन (तारेला लटकून घसरत जायचा खेळ) केली, जेवले आणि घरी गेले. पैसे परत मिळाले नाहीत. मिळायलाही नकोत, राफ्टमधल्या त्यांच्या जागा रिकाम्याच गेल्या होत्या.

पण हे पाणी येतं कुठून?

मुळशीहून. हे कळल्यापासून मला त्या नदीकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

ताम्हिणी घाटाच्या वर, पुणे जिल्ह्यात मुळशी धरण आहे. तिथलं पाणी डोंगरातून पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली आणतात, ते भिऱ्याच्या वीजघरात. १९२७ पासून ते वीजघर चालू आहे आणि ती वीज मुंबईला जाते. टर्बाइन फिरवून झालेल्या पाण्याला सरकारी भाषेत ‘अवजल’ म्हणतात. त्या अवजलावरही खाली पुन्हा वीज काढतात आणि मग ते कुंडलिकेत येतं. आपण ज्या लाटेवर किंचाळतो ती अशी दोनदा कामाला जाऊन आलेली असते.

गंमत म्हणजे हे पाणी या नदीचं नाहीच. ते मुळेचं. निसर्गावर सोडलं असतं तर ते पुण्यात मुठेला, पुढे भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. आता ते कोलाड, रोहा करत रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. गंमत हा शब्द तसा बरोबर नाही. या धरणाखाली मावळातली गावं गेली आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचलेली ती गोष्ट. तिचं पाणी अंगावर घ्यायला आपण पैसे भरून जातो.

पाणी सोडलंच नाही तर?

होतं तसं कधी कधी. वर दुरुस्ती असते, किंवा साठा राखून ठेवायचा असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी ऑपरेटरला फोन करून ‘उद्या पाणी आहे ना?’ हे विचारायचंच. आणि पैसे भरतानाच ठरवून घ्यायचं, की पाणी नसेल तर पैसे परत की दुसरी तारीख. ‘बघू आपण, घरचंच आहे’ हे उत्तर मान्य करू नका.

मला पोहता येत नाही. येऊ का?

ये. आमच्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही. ज्यांना ‘येतं’ त्यांना सोसायटीच्या टाकीत येतं, आणि वाहत्या नदीत त्याचा उपयोग तुला वाटतो त्यापेक्षा फार कमी. इथे जीव सांभाळतं ते जॅकेट.

पण जॅकेट अंगात असणं वेगळं आणि नीट बांधलेलं असणं वेगळं. सगळे बकल लावा, पट्टे ओढा. मग मित्राला खांद्याजवळ दोन्ही पट्टे धरून जॅकेट वर खेचायला सांगा. ते हनुवटीपर्यंत किंवा कानापर्यंत वर आलं तर सैल आहे. पाण्यात ते असंच वर जाईल आणि तुम्ही खाली राहाल. फोटोत पोट दिसतं म्हणून खालचा पट्टा सैल सोडणारे महाभाग दरवर्षी निघतात. हेल्मेटचा पट्टाही हनुवटीखाली घट्ट हवा. डोक्यावर डुगडुगणारं हेल्मेट नुसतं शोभेचं.

पोहता येत नाही हे गाइडला आधी सांग. लाजू नको. तो तुला स्वतःजवळ बसवेल आणि लक्ष ठेवेल.

आणि बोटीतून पडलो तर?

पडतात माणसं. मीही पडलोय. तिसऱ्या की चौथ्या वेळची गोष्ट आहे, म्हणजे ‘मला सगळं येतं’ असं वाटायला लागलं होतं तेव्हाची. गाइड ‘गेट डाउन’ (आत बसा) ओरडला आणि मी मागे वळून कोणाची तरी मजा बघत होतो. पुढच्या क्षणी नाकात पाणी. कानात आवाज नाही, फक्त घरघर. वर आलो तर राफ्ट चार हात पुढे होती.

तेव्हा उपयोगी पडलं ते सकाळी काठावर सांगितलेलं आणि आम्ही हसत ऐकलेलं. उताणं व्हायचं. पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. दगड आला तर तो पायांनी ढकलायचा, डोक्याने नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. कमरेएवढं पाणी दिसतंय, पाय टेकले की झालं, असं वाटतं. पण खालच्या दगडांच्या फटीत पाऊल अडकलं तर वरून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवून दाबून धरतं. पोहणारेही यातच फसतात. पाणी गुडघ्याखाली आल्याशिवाय उठायचं नाही.

तुम्हाला ओढून घ्यायला कोणी दोरीची पिशवी फेकली तर पिशवी नाही, दोरी धरायची. छातीजवळ दोन्ही हातांनी, उताणं राहूनच. मनगटाला गुंडाळायची नाही. चुकून राफ्टखाली गेलात तर हात वर करून तिच्या तळाला लावा आणि एकाच दिशेने ढकलत बाहेर या. इकडे तिकडे केलंत तर तिथेच फिरत राहाल.

मला एका कयाकवाल्या (एका माणसाच्या छोट्या बोटीतल्या) पोराने ओढून घेतलं. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी तरी लहान असेल. त्याने फक्त ‘पॅडल कुठंय?’ एवढंच विचारलं. पॅडल गेलं होतं.

नदी कितपत अवघड आहे?

वाहत्या पाण्याची एक ते सहा अशी प्रतवारी असते. एक म्हणजे संथ, सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिका दोन-तीनमध्ये बसते, पावसाळ्यात जरा वर चढते. बारा-चौदा किलोमीटरचा पट्टा, दीड-दोन तास. पहिल्या भागात खळाळ एकामागून एक येतात, दम खायला वेळ मिळत नाही. शेवटी नदी रुंद, संथ होते आणि गाइड परवानगी देतो तेव्हा पाण्यात उतरून नुसतं तरंगत जाता येतं. दोन्ही बाजूला झाडी, वर घार. माझ्या मते सगळ्या दिवसातला सर्वांत चांगला भाग तो, पण आमच्यातल्या तरुण मंडळींना ते पटत नाही.

राफ्टमध्ये कुठे बसू? काय करायचं असतं?

भिजायची आणि वल्हवायची तयारी असेल तर पुढे. पुढच्या दोघांच्या वल्ह्याकडे बघून बाकीचे ताल धरतात, त्यामुळे तिथे गप्पिष्ट माणूस बसवू नका. मागच्या बाजूला गाइड असतो आणि तो सुकाणू सांभाळतो. राफ्टच्या काठावर बसायचं आणि आतल्या आडव्या हवेच्या गादीखाली पाऊल रोवायचं. तोच काय तो आधार. सगळे अर्थातच राफ्टच्या मध्यात बसायला बघतात.

आज्ञा इंग्रजीत असतात: ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’. ‘गेट डाउन’ म्हणजे लगेच आत बसून बाजूची दोरी पकडायची. ‘हाय साइड’ ऐकू आलं तर राफ्ट दगडावर आडवी चढतेय. तो सांगेल त्या उंच बाजूला सगळ्यांनी झेप घ्यायची, ‘कोणती बाजू?’ विचारत बसायचं नाही. पॅडलच्या टोकाला आडवी मूठ असते. तो हात कधीही सोडू नका. मोकळी सुटलेली ती मूठ शेजाऱ्याचे दात पाडते.

काय घालायचं? मोबाइल? चष्मा?

जीन्स नको. ओली झाली की सिमेंटच्या पोत्यासारखी होते. लवकर वाळणारा टीशर्ट, शॉर्ट्स किंवा लेगिंग्ज. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. साधी चप्पल पहिल्या खळाळात कुंडलिकार्पण होते.

चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाइल गाडीत ठेवा. ऑपरेटरच फोटो काढतात, आणि त्यात सगळ्यांची तोंडं तशीही उघडीच येतात. अंगठ्या, घड्याळ, मंगळसूत्र घरी किंवा गाडीत. गाडीची किल्ली खिशात ठेवू नका. हे का लिहितोय ते आमच्या ग्रुपमध्ये एकाला माहीत आहे आणि त्याने त्या दिवशी पनवेलहून दुसरी किल्ली येईपर्यंत पाच तास ओल्या कपड्यांत काढले आहेत. कोरड्या कपड्यांची पिशवी आणि टॉवेल, बस.

दमा आहे, पाठीचं ऑपरेशन झालंय, पाळी चालू आहे. येऊ का?

तिन्हींची उत्तरं वेगळी. दमा असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि ते हो म्हणाले तर पंप गाइडकडच्या कोरड्या पिशवीत द्या. पाठीचं किंवा मानेचं ऑपरेशन, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण असेल तर नाही. खळाळात बसणारे हिसके आपल्या मर्जीचे नसतात. पाळीत यायला अडचण नाही. कप किंवा टॅम्पॉन वापरणाऱ्या मैत्रिणी आरामात करतात, पॅड मात्र पाण्यात निकामी होतं. नकोसं वाटत असेल तर काठावर थांबा, कोणीही कारण विचारणार नाही. विचारलं तर मला सांगा.

लहान मुलांचं विचाराल तर १४ वर्षांखालच्यांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. एखादा ‘चालेल हो’ म्हणाला तर मुलाऐवजी ऑपरेटर बदला.

ऑपरेटर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

दरावरून नाही. आम्ही एकदा माणशी थोडे पैसे वाचवायला एका स्वस्त ठिकाणी गेलो. हेल्मेटचे तीन बकल तुटलेले, त्यांना सुतळी बांधलेली. काठावरचं प्रशिक्षण दोन मिनिटांत आटोपलं. आम्ही सुखरूप परतलो, पण त्यात ऑपरेटरचं काही कर्तृत्व नव्हतं.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याप्रमाणे जमीन, हवा आणि पाण्यावरचे असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तेव्हा पहिला प्रश्न: नोंदणी आहे का, प्रमाणपत्राचा फोटो पाठवा. चांगले लोक लगेच पाठवतात. ज्यांना राग येतो तिथे जाऊ नका.

मग हे विचारा. राफ्टसोबत सुरक्षेचा कयाक असतो का? गाइडला प्रथमोपचार आणि नदीतल्या बचावाचं प्रशिक्षण आहे का? एका राफ्टमध्ये किती माणसं बसवता? कोणाला लागलं तर जवळचा दवाखाना कुठला आणि गाडी कोणाची? या शेवटच्या प्रश्नाला जो क्षणभरही न थांबता उत्तर देतो, त्याने हा विचार आधी केलेला असतो. आणि सही करायला देतात तो कागद वाचा. सगळे तो वाणसामानाच्या बिलासारखा सही करून परत देतात.

गाइडबद्दल एक. ही बहुतेक आसपासच्या गावांतली पोरं असतात किंवा उत्तराखंड, नेपाळकडून आलेली. नदीचा दगडन् दगड पाठ असतो. त्यांना ‘ए भाऊ, उलटव ना जरा’ असा आग्रह करू नका.

पावसाळ्यात जावं की हिवाळ्यात?

पहिल्यांदा जात असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी नियंत्रित, आकाश स्वच्छ, आणि जेवणाच्या प्रश्नात येणारी पोपटी मिळते. पाणी मात्र गार असतं, पहिल्या लाटेला आई आठवते.

पावसाळ्यात डोंगर हिरवेगार आणि नदी दांडगी होते. अनुभव असेल तर जरूर जा. पण तेव्हा धरणाच्या पाण्यात डोंगरावरून येणारं पाणी मिसळतं आणि ते कुठल्याच वेळापत्रकात नसतं. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात नद्यांच्या पातळ्या जाहीर करतं, त्यात कुंडलिकेचा आकडा डोलवहाल बंधाऱ्याचा असतो. तो इशारा पातळीजवळ असेल तर ऑपरेटर हो म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणा.

‘जाता जाता देवकुंड करू’ हा हट्ट जुलै-ऑगस्टमध्ये धरू नका. भिऱ्याजवळचा तो धबधबा सुंदर आहे, पण वाटेतले ओढे अर्ध्या तासात चढतात आणि त्यासाठीच प्रशासन पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश काढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पाण्यात मधोमध, एकमेकांना धरून उभे होते. तो व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

राफ्टिंगनंतर उरलेल्या दिवसात काय?

झिपलाइन, बर्मा ब्रिज, संथ पाण्यात कयाकिंग. पॅकेजमध्ये पाच-सहा नावं लिहिलेली असतात, त्यातल्या कयाकिंगवरच वेळ घालवा असं माझं मत. झिपलाइन चाळीस सेकंदांत संपते आणि रांग पाऊण तासाची असते. करणारच असाल तर हार्नेसचे मांड्यांचे पट्टे स्वतः ओढून बघा.

ज्यांना पाणी पुरे झालं त्यांना घोसाळगड किंवा तळगड जवळ आहेत. दोन्ही छोटे, पण राफ्टिंगनंतर पाय तयार असतील तरच.

आदल्या रात्री तिथेच राहून थोडी बिअर?

राहा. बिअर परत आल्यावर. तोंडाला वास आला तर चांगला गाइड राफ्टमध्ये चढू देत नाही.

कसं पोचायचं?

मुंबईहून पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे करत कोलाड, सुमारे १२० किलोमीटर. महामार्गाच्या कामाबद्दल मी काही बोलणार नाही, सगळं बोलून झालंय. पहाटे साडेचारला निघालात तर बरं. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे आणि तिथून सुतारवाडीवरून. घाटात धुकं असेल तर घाई नको. हाच रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कडेने येतो. म्हणजे पुणेकर आणि पाणी दोघं एकाच ठिकाणाहून निघतात, फक्त पाणी वेळेवर पोचतं.

कोकण रेल्वेचं कोलाड स्टेशन आहे, रोह्यानंतरचं पहिलं. पण सकाळच्या फेरीला रेल्वेचा उपयोग नाही. आदल्या दिवशी जाऊन राहणार असाल तरच.

जेवायला काय?

नाश्ता हलका, पोहे-चहा. मिसळीवर ताव मारून लाटांवर बसलेल्या एकाचं पुढे काय झालं ते त्याच्या समोर बसलेली मैत्रीण सांगेल.

दुपारी तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, सोलकढी. आणि थंडीत गेलात तर आधी सांगून पोपटी लावून घ्या. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, खडं मीठ, वरून पुन्हा पाला. मग मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पाल्याच्या वासातच सगळं शिजतं. शाकाहारी मंडळींसाठी वेगळं मडकं लावायला सांगा, नाहीतर मागच्यासारखी भांडणं. रायगड जिल्ह्याबाहेरच्या मित्रांना यासाठी तरी न्याच. राफ्टिंग विसरलेले लोक पोपटी विसरत नाहीत.

पैसे कोण भरणार?

आधी द्यायचे, मला. ‘तिथे बघू’ बंद.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येईल ना?

येईल. खांदे, दंड आणि मांडीची आतली बाजू दुखेल, कारण राफ्टमध्ये पाय रोवून बसायची आपल्याला सवय नसते. कीबोर्डपर्यंत हात पोचतो, वरच्या कपाटापर्यंत नाही. गुडघ्याखाली एक-दोन निळे डाग निघतील, ते कुठे लागले हे आठवणार नाही. आणि बुधवारी कधीतरी मान तिरकी केल्यावर कानातून उरलेलं कोमट पाणी बाहेर येईल. ते मुळशीचं.